सर छान पडतात

त्यांनी माझ्या गालावर दोनदा थोपटलं. थापड म्हणता येणार नाही, लाडही म्हणता येणार नाही. मधलंच काहीतरी. मग पब्लिककडे वळून डोळा मारला.

सव्वीस जानेवारीची सकाळ. झेंडावंदन झालेलं, जिलेबी-फाफडा वाटून झालेला. मुलुंडमधल्या त्या टॉवरच्या पोडियमवर स्टेज बांधलेलं. समोर खुर्च्यांवर अख्खी सोसायटी आणि स्टेजवर मी. पांढरा गणवेश, काळा पट्टा. पट्टा जुनाच आहे, कंबर तेवढी नवीन आहे.

आयटमचं नाव होतं, 'सरांना कोण पाडणार?'

तीन बाप येऊन मला पाडून गेले होते. आता विहानचे पप्पा. विहान माझ्या क्लासमधला, आठ वर्षांचा. पप्पांचे दंड जिममध्ये कमावलेले आणि टी-शर्ट त्या दंडांच्या मापाचा. त्यांनी मला ढकललं. मी पडलो. हात आपटून, मोठा आवाज काढून, एक कोलांटी जास्तीची घेऊन पडलो. पोरं खुर्च्या बडवायला लागली. "गिर गया, सर गिर गया."

सेक्रेटरी माईकवर म्हणाले, "वा. आमचे सर छान पडतात हं."

मी उठलो. विहानच्या पप्पांनी गाल थोपटला तो तेव्हाच. मी वाकून नमस्कार केला. हसलोसुद्धा.

मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. ही गोष्ट सांगायला त्रास होतो तो त्यामुळेच.

कराटे शिकवणाऱ्याला भेटणारा खरा चॅलेंजर रिंगमध्ये भेटत नाही. तो क्लास सुटताना पोराची बॅग घ्यायला येतो. चपलेसकट मॅटवर चढतो आणि म्हणतो, "सर, रियल में आता है या सिर्फ हा-हू?" कुणी कॉलेजात बॉक्सिंग केलेलं असतं. कुणाचा मेव्हणा मिलिटरीत असतो. कुणी नुसतेच मोबाईलवर व्हिडिओ बघितलेले असतात, आणि हा तिसरा सगळ्यात डेंजर. त्याला लागलं की तो रडतो.

तरुण होतो तेव्हा घाटकोपरला एका सोसायटीत अशाच एका बापाचा पाय मी अलगद उचलला होता. तो बुडावर बसला. बाकी काही झालं नाही. पण त्याचं पोरगं बघत होतं. ते दुसऱ्या दिवसापासून आलं नाही. मग त्याच्या मजल्यावरची पोरं बंद झाली. एका संध्याकाळी वॉचमनने गेटवरच सांगितलं, "सर, क्लास बंद झाला ना. तुम्हाला बोलले नाहीत?"

तेव्हापासून मी पडायला लागलो. बाप जिंकला की पोरगं टिकतं आणि पोरगं टिकलं की क्लास टिकतो. मी याला धंद्यातली अक्कल समजत होतो. नव्या मास्तरांना सल्ला पण द्यायचो. आव्हान घेऊन आलेल्या माणसाशी भांडायचं नाही, त्याला मोठं करून परत पाठवायचं. ऐकायला किती चांगलं वाटतं बघा. जणू काही तपश्चर्याच.

बायको म्हणायची, "पडून येता तुम्ही, आणि गुडघा चोळायचा मी."

त्या टॉवरमध्ये क्लास मागायला गेलो तेव्हा सेक्रेटरींनी पूर्ण नाव विचारलं होतं. मी सांगितलं. आडनावापाशी ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "हरकत नाही हो. आम्ही असलं काही मानत नाही." हरकतीचा विषय कुठून आला, ते मी विचारलं नाही. त्यांनी पाणी मागवलं, मी प्यालो. कागदी कपात होतं. सगळ्यांनाच कागदी कपात देत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मी स्वतःला फार पटकन पटवतो.

आणि त्या सव्वीस जानेवारीच्या आधी, आयटम ठरवताना, हेच सेक्रेटरी मला म्हणाले होते, "तुम्हा लोकांचं एक चांगलं आहे सर. अंगात ताकद असते, पण पडायची लाज नसते. आमच्यात कुणी तयार झालं नसतं."

ते कौतुक करत होते. मी "थँक्यू सर" म्हणालो.

पुढचा शनिवार. क्लब हाऊसमध्ये क्लास. सुरुवातीला सगळी पोरं रांगेत उभी राहतात, कमरेत वाकून सरांना नमस्कार करतात, सर त्यांना वाकतात. तेवढाच काय तो विधी. बाकी सगळी कवायत. त्या दिवशी सगळे वाकले, विहान ताठ उभा.

म्हटलं, "विहान, वाक."

तो म्हणाला, "मेरे पप्पा ने आपको गिराया. मैं क्यूँ झुकूँ?"

उद्धटपणे नाही म्हणाला. त्याला खरंच प्रश्न पडला होता. आणि त्याचा हिशोब बरोबर होता. जो पडतो त्याला कोण वाकेल? बापाची इज्जत राहावी म्हणून मी पडत होतो, ती राहिली होती. माझं काय झालं, ते एका आठ वर्षांच्या पोराने वर्गासमोर सांगून टाकलं. वाकलेल्यांतले आणखी दोघं-तिघं ताठ झाले.

मी काय केलं? विषय बदलला. "चला, वॉर्मअप."

मग जोड्या लावल्या. विहानच्या समोर प्रज्ञा आली.

प्रज्ञा आमच्या वस्तीतली. घाटकोपरच्या डोंगरावर माझ्या घराच्या खालच्या गल्लीत राहते. तिची आई सविता त्या टॉवरमध्ये घरकाम करते, विहानच्या घरी पण. शाळा सुटली की पोरगी आईची वाट बघत जिन्यात बसायची. मी सेक्रेटरींना विचारलं, हिला क्लासला घेऊ का. ते म्हणाले, "शेवटच्या रांगेत राहील ना? मग चालेल." अकरा वर्षांची. चवळीची शेंग, पण पाय असा उठतो की माझं पोट आपोआप आत जातं. एवढ्या वर्षांत तसा पाय मी क्वचित बघितला.

विहान हात फिरवत पुढे आला. त्याची छाती उघडी पडली. प्रज्ञाला दिसलं. मला दिसलं की तिला दिसलं. तिचा पाय उठला, हवेत थांबला, खाली आला. विहानचा हात तिच्या खांद्याला जेमतेम लागला आणि ती पडली.

छान पडली. हात आपटून, मोठा आवाज काढून.

क्लास सुटल्यावर तिला बाजूला घेतलं. "का पडलीस गं?"

"लागलं सर."

"खोटं बोलू नको."

ती पायाच्या अंगठ्याने मॅटची कड उचकटत राहिली. मग म्हणाली, "मम्मी बोलली, सरांसारखं कर. सर किती वर्षं टिकलेत तिथे."

मी वाकून मॅटची उचकटलेली कड परत दाबली. 

माझा बाप जालन्याकडून इकडे आला, एका कारखान्यात ओझी वाहिली. साहेब दिसला की तो भिंतीला चिकटायचा. लहानपणी मी त्याला विचारलं होतं, "बाबा, रस्ता एवढा मोठा आहे, तुम्ही भिंतीला का चिकटता?" तो म्हणाला होता, "सवय." म्हणून तर मी कराटेला गेलो. आमच्या विहाराच्या अंगणात एक सर फुकट शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी पडायलाच शिकवलं. हनुवटी छातीला, तळहात जमिनीवर, डोकं वाचलं पाहिजे. डोकं वाचवायला शिकवलं होतं त्यांनी. मी त्यावर क्लास वाचवायला लागलो. आता माझ्याकडे बघून एक पोरगी आईचं काम वाचवत होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ती सव्वीस जानेवारीला आली नव्हती, मीच कधी येऊ दिलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, "मी तिथे असते तर पडला असता?"

"माहीत नाही."

"माहीत आहे तुम्हाला," ती म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली.

त्याच्या पुढच्या शनिवारी विहानचे पप्पा एका मित्राला घेऊन आले. मित्र अंधेरीला कुठेतरी फाइटिंग शिकत होता, हातावर गोंदण, हातात मोबाईल. दोघं बुटांसकट मॅटवर चढले. क्लास चालू होता.

"सर, दोस्त को बताया आपके बारे में. एक छोटी रील बनाते हैं. ये मारेगा, आप गिर जाना, जैसे गिरते हो."

पोरं आधीच हसायला लागली होती. मी म्हटलं, "क्लास चालू आहे."

"अरे, दो मिनिट का काम है."

"शिकायचं असेल तर शिका. बूट काढा. नवीन माणूस शेवटच्या रांगेत उभा राहतो. तिथे, प्रज्ञाच्या शेजारी. आधी वाकायचं, मग बघू."

विहानच्या पप्पांनी मागे बघितलं. प्रज्ञा सावधानमध्ये उभी होती.

"उसके बाजू में?" ते म्हणाले. "वो हमारी कामवाली की लड़की है."

"माहीत आहे. माझी विद्यार्थिनी आहे."

"सर, मजाक मत करो," म्हणून त्यांनी मला ढकललं. हसत हसत, नेहमीसारखं.

खरं सांगतो, शरीराने दगा द्यायला सुरुवात केली होती. उजवा खांदा आपोआप वळला. हनुवटी छातीकडे गेली. इतक्या वर्षांची तालीम, ती काय मला विचारून होते? मी टाच रोवली. गुडघ्यात कट् असा आवाज आला, तो पहिल्या रांगेलाही ऐकू गेला असेल. पण उभा राहिलो.

त्यांनी दोन्ही हातांनी ढकललं. उभा राहिलो.

मित्राने मोबाईल खाली घेतला. विहानच्या पप्पांचं हसू गेलं. मग त्यांचा हात माझ्या गालाकडे आला, थोपटायला. मी मनगट धरलं. पिरगळलं नाही, झटकलं नाही. धरलं फक्त, हवेतच. आणि म्हटलं, "गालाला हात लावायचा नाही."

माझा आवाज थोडा कापत होता, तेही लिहितो. वीरासारखा नव्हता. रेशनच्या दुकानात रांग मोडणाऱ्याला बोलतात तसा होता.

मी मनगट सोडलं. ते मला खालपासून वरपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "सोसायटी ने सर पे चढ़ा के रखा है. औकात भूल गया." आणि विहानला दंडाला धरून घेऊन गेले. त्याने दारातून वळून बघितलं, माझ्याकडे आणि मग बापाकडे. त्याच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. मी राहिलेल्या पोरांना म्हटलं, "चला, जोड्या लावा."

सेक्रेटरींचा फोन त्याच संध्याकाळी आला. "सर, तुम्ही समजूतदार होता हो. जरा पडला असता तर काय बिघडलं असतं?"

म्हटलं, "मी पडणं बंद केलंय."

"मग क्लब हाऊसचं मला कमिटीत बोलावं लागेल."

"बोला."

कमिटीत काय बोलायचं होतं ते बोलून झालं. पुढच्या महिन्यापासून तिथे झुंबा आहे.

इथे थांबलो असतो तर गोष्ट बरी दिसली असती. पण सविता दारात आली. आत आलीच नाही. म्हणाली, "जयभीम सर. तुमचं ठीक आहे, तुम्ही दुसरीकडे शिकवाल. माझं त्यांच्याकडचं काम गेलं. आमच्या पोरीवरून वाजलं ना? मी काय त्यांच्या मधे पडले होते?"

 बायको म्हणाली, "सविता, बस तरी." ती बसली नाही.

मी उभा राहिलो, तर काम तिचं गेलं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी एकटा पडत होतो तेव्हा ते माझंच अंग होतं. उभं राहताना दुसऱ्यांची अंगं पण पणाला लागतात. दोन-तीन दिवस मनात येत होतं, जाऊन माफी मागावी, एकदा पडावं, बाईचं काम परत मिळेल. शेवटी गेलो, पण सविताच्याच घरी.

"पोरीला पाठव. विहाराच्या अंगणात शिकवतो, रविवारी सकाळी."

"आणि उद्या हिला कुणी ढकललं तर?"

"तर ही उभी राहील."

"आणि मग जे जाईल ते?"

"ते जाईल," मी म्हटलं. "मी खोटं बोलणार नाही. जाईल."

 ती आत बघून म्हणाली, "जा गं. सर बोलवतात."

आता अंगणात शिकवतो. मॅट नाही, फरशी आहे. पोरं थोडी आहेत. बाप लोक कट्ट्यावर बसलेले असतात आणि त्यांच्यातलाही एखादा म्हणतोच, "सर, खरंच येतं का?" चॅलेंजर सगळीकडे असतो. त्याला मी रांगेचा शेवट दाखवतो. कुणी येतो, कुणी बिडी पेटवतो.

प्रज्ञा अजून पडते. माझा हात नुसता खांद्याजवळ गेला की तिचं अंग आपोआप सैल होतं. मी म्हणतो, ऊठ. ती उठते. परत हात नेतो. परत पडते. ऊठ. तिला राग येतो, तो मला हवाच आहे. ही सवय तिच्यात माझ्याकडून गेली, तेव्हा ती काढायची पण मीच. तिच्यातली काढीन आणि माझ्यातली राहिलीय तीही काढीन. वेळ लागेल. वय झालंय, दमतो मी.

पण यापुढे कुणाच्या बापासाठी, कुणाच्या टाळीसाठी, कुणाच्या मेहरबानीसाठी मी जमिनीवर जाणार नाही. माझ्या रांगेतलं एकही पोर जाणार नाही. ज्याला आम्हाला पाडायचंय त्याने समोर यावं, बूट काढावेत, वाकावं आणि मग खरोखर पाडून दाखवावं.