सुनंदाच्या गाण्याआधी दोन शब्द

कलावंताला आदरांजली शब्दांनी नव्हे, सुरांनीच वाहावी, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी दादरच्या एका छोट्या सभागृहात सलग पन्नास मिनिटं मांडलं.

कार्यक्रम माझ्या धाकट्या बहिणीचा, सुनंदाचा. लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीत हंसाबाई गायच्या, नकला करायच्या, कडव्याच्या मधेच पदर खोचून गिरणीतल्या मुकादमासारख्या खाकरायच्या! सुनंदा गायला लागली ती त्यांच्यामुळे. आता बाई सत्त्याऐंशीच्या, वरळीला मुलाकडे राहणाऱ्या. त्यांचंच एक गाणं त्यांच्यासमोर म्हणायचं, एवढीच सुनंदाची इच्छा. दोन महिने कुकरच्या शिट्ट्यांत तिची तालीम चालली होती.

"दादा, दीपप्रज्वलन, सत्कार काही नको. तू दोन मिनिटं बोल, मग मी गाते. बाईंना सातला निघायचंय."

"मला सांगतेस? भाषणबाजीचा तिटकारा आहे मला!"

बाई सुनेचा हात धरून आल्या, पुढच्या खुर्चीत बसल्या. "चेडवाचा गाणा ऐकूक इलंय," सुनंदाकडे बोट दाखवत मला म्हणाल्या. सव्वासहाला मी माइक हातात घेतला.

शाल-श्रीफळावर मी दोन वाक्यं टाकली. लोक हसले. (हसले नसते, तर सगळं सुरळीत पार पडलं असतं.) मग मी हारांवर घसरलो. मग लांबलेल्या भाषणांवर! तबलजीने हातोडीने तबला ठोकायला घेतला. मला ती दाद वाटली. एक चिठ्ठी आली. आभारात कुणाचं तरी नाव राहिलं असणार, म्हणून न वाचता खिशात टाकली. दुसरी आली. तिसरी आली.

"नावं शेवटी घेतो, धीर धरा!" मी माइकवरून बजावलं.

अखेर "आता शब्द पुरेत!" असं म्हणत मी हंसाबाईंच्या खुर्चीकडे हात केला. खुर्ची रिकामी होती.

सुनंदा गायली. त्या खुर्चीकडे बघून, एकदाही न चुकता. मी विंगेत उभा राहून चिठ्ठ्या वाचल्या.

"दादा, दोन मिनिटं झाली."

"दादा, पाया पडते."

"दादा, बाई निघाल्या."

परतताना टॅक्सीत मी घाबरत विचारलं, "जाताना काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'तुझो भाव बरो बोलता. गाणा पुढच्या खेपेक.'"

"मग रविवारी जाऊ ना वरळीला! त्यांच्या घरीच गा."



त्या रविवारी मला एके ठिकाणी बोलायला जायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी बाई नव्हत्या.

शोकसभेत सुनंदाने तेच गाणं म्हटलं. मुकादमाच्या खाकरण्यासकट. मला तिने दाराबाहेर चपलांपाशी उभं केलं होतं. तिथवर माइकची वायर पोचत नव्हती.