एकाच भुवईच्या बायका

रंगमंचावर मी राणी झाले, भिकारीण झाले, म्हातारी तर तिशीतच झाले. सगळं रंगदादाच्या हातून. आमच्या नाटक कंपनीचा रंगभूषाकार. त्याची एक खोड होती. चेहरा कुणाचाही असो, डावी भुवई किंचित चढलेलीच काढायचा.

मी चिडवायची, "दादा, सासू-सून सख्ख्या बहिणी दिसतायत!"

"हात ऐकत नाही गं. गप्प बस, ओठ हलले."

कंपनी बुडाली, तसा तो भाजलेल्या बायकांचे चेहरे रंगवू लागला. त्याच्या खोलीतून निघालेली बाई बाजारात मान वर करून चालायची.

मग स्टेशनात स्फोट झाला. माणसं गेली. चौकाचौकात चेहरे ओळखणारे कॅमेरे लागले, आणि त्या भुवईपायी त्यांनी दादाने रंगवलेल्या दोन बायकांना एकच बाई ठरवलं, एकाच वेळी दोन ठिकाणी फिरणारी! एकीला पोलिसांनी अडवलं. घाबरून तिने दादाचं नाव घेतलं. दादा आत गेला.

मी डबा घेऊन चौकीत गेले. साहेब उर्मट असता तर बरं झालं असतं.

"आजी, माझा पुतण्या गेला त्या स्फोटात. दुसरी कोण तेवढं यांना सांगायला लावा. खरा चेहरा नोंदवू, की हे सुटले."

"ती नोंद बघणार कोण?"

"खात्यातलं कुणीही."

मी गारठले. दुसरी म्हणजे आमची शिंपीण. तिला पेटवणारा नवरा याच खात्यात होता, आणि अजून तिला शोधत होता. हे साहेबाला सांगणं म्हणजे तिचं नावच सांगणं. गजांआड दादाला दम लागला होता. माझ्याकडे बघून त्याने फक्त मान हलवली: नाही.

दुसऱ्या दिवशी शिंपीण आपणहून आली. चौकीच्या नळाखाली तिने तोंड धुतलं.

"पोरी, नको गं!" दादा आतून ओरडला. आयुष्यभर पडद्यामागे राहिलेल्या माणसाचा एवढा मोठा आवाज मी प्रथमच ऐकला.

"घ्या फोटो," ती साहेबाला म्हणाली. "त्यांना सोडा."

सुटल्यावर दादाने तिला चौकीच्या पायरीवरच बसवलं, परत मिळालेली रंगाची पेटी उघडली. "आजच गाव सोड. वेगळाच चेहरा करतो. कॅमेऱ्याच्या बापालाही कळणार नाही."

"लवकर करा, दादा."

त्याने रंग लावला. एकदा पुसलं, दोनदा पुसलं. मी आरसा धरून उभी होते. डावी भुवई पुन्हा चढलीच.