सोफ्याबद्दल आभार

माझी बायको एस्तेर माझ्याशी कधीच भांडली नाही. माझ्याबद्दल जे काही सांगायचं असे, ते ती थेट देवाला सांगायची, आणि तेही माझ्यासमोर.

आम्ही परभणीतले ख्रिस्ती. रोज संध्याकाळी जेवणाआधी घरात प्रार्थना व्हायची. मी आणि आमची मुलगी रूथ डोळे मिटून बसायचो आणि एस्तेर प्रभूला दिवसभराची हकीकत सांगायची. यांनी आज आईला फोन केला नाही, यांना आठवण दे. यांनी भाजीवालीवर विनाकारण आवाज चढवला, यांना शांती दे. आता यावर मी काय बोलणार? प्रार्थना चालू असताना मधे बोलायचं नसतं. (मी जन्मभर कचेरीत कारकून. साहेब फोनवर असतानाही मी कधी तोंड उघडलं नाही, इथं तर प्रत्यक्ष देव!) हे ती भोळेपणानं करते की ठरवून, याचं मला लग्नापासून कुतूहल. एकदा विचारलंही.

"तुमच्याबद्दल कुठं बोलले मी?" ती म्हणाली. "मी तर त्याच्याशी बोलत होते."

तर रूथसाठी जालन्याचं स्थळ आलं. आमच्या लोकांत स्थळं मोजकी, आणि सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. इकडं काही फिसकटलं की पुढच्या रविवारी नांदेडच्या चर्चबाहेर त्याची चर्चा. त्यात रूथनं आधीची स्थळं फोटो बघूनच परत पाठवलेली. या मुलाचा, जोएलचा, फोटो मात्र तिनं दोनदा बघितला आणि "बघू" म्हणाली. आमच्या घरात "बघू" म्हणजे निम्मं लग्न! एस्तेर त्या दिवशी स्वयंपाक करताना गात होती. काही झालं तरी हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

आमच्या पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक दिवाण, त्याचा एक पाय विटेवर. अशा दिवाणावर व्याही कसे बसवायचे? म्हणून शेजारच्या कमलताईंकडून सोफा मागून आणला. तो दारातून आत येईना, तेव्हा दार बिजागरीतून काढलं, सोफा घुसवला आणि दार परत बसवलं. दिवस उन्हाळ्याचे, म्हणून समोरच्या किराणा दुकानदाराकडून कूलर मागून आणला. एस्तेर हे सगळं पदराला हात पुसत बघत होती. तिनं मला एवढंच बजावलं, की खोटं बोलू नका, मला कुणी विचारलं तर मी खरं सांगणार. म्हटलं, कोण विचारतंय?

आणि खरंच, कुणी काही विचारलं नाही.

पाहुणे मोटारीनं आले. जोएल, त्याचे वडील, त्याची आई. सोफ्यावर टेकता टेकता आईंनी कौतुक केलं, तर मी म्हणालो, हौसेनं घेतला. मटणाचा वास आला, तर म्हणालो, सगळं रूथच्या हातचं. वडील म्हणाले, आमच्या घराण्यात तंबाखू कुणाला चालत नाही. मी म्हणालो, मी तर कधीच सोडली. गाडी अशी छान उताराला लागली होती. ताटं वाढून झाली, मी आभाराची छोटीशी प्रार्थना करायला हात जोडले, तेवढ्यात व्याही म्हणाले, "आज ताईंनी करावी."

सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे प्रभू, तुझे लय आभार," एस्तेरनं सुरुवात केली. "पाहुणे येणार अन् घरात बसायला धड जागा न्हाई, तवा तू कमलताईच्या मनात घातलंस अन् तिनं तिचा सोफा दिला. तिच्या घरचे आज खाली बसायलेत, त्यांना आशीर्वाद दे."

मी एक डोळा उघडला. विहीणबाईंचे डोळे मिटलेलेच होते, पण हात सोफ्याच्या कापडावरून हळूच फिरत होता. तोवर प्रार्थना कूलरवर पोचली. दुकानदाराच्या लेकराला आज रात्री गरम होऊ नये, अशी मागणी झाली. मी मोठ्यानं "आमेन" म्हणालो. सगळे "आमेन" म्हणाले, हात ताटांकडं गेले.

"आणखी प्रभू," एस्तेर म्हणाली. हात परत जागेवर आले.

मग मी खोकलो. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

"यांना खोकला हाय. तंबाखूचा हाय. सोडली म्हणून यांनी आत्ताच पाहुण्यांना सांगितलं, तर तू ते खरं करून दाखव. अन् मटण मी केलंय, पण पोरगी शिकायलीय, तिच्या हातालाबी चव दे."

मी दुसराही डोळा उघडला. बघतो तर रूथ आणि जोएल डोळे उघडे ठेवून एकमेकांकडं बघत होते, आणि हसू दाबून दोघांचे चेहरे लाल झाले होते. म्हणजे पूर्ण खोलीत मनापासून प्रार्थना करणारी एकटी माझी बायको!

अखेर खरंखुरं आमेन झालं. कूलर तेवढा घरघरत होता. स्थळ गेलं, असं मी धरून चाललो. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "मीबी दोन शब्द बोलते," आणि त्यांनी परत डोळे मिटले. त्यांनी आधी बाहेर उभी असलेली गाडी भाड्यानं देणाऱ्या माणसाचं भलं मागितलं. मग मुलाची नोकरी अजून पक्की नाही, ती पक्की कर म्हणाल्या. शेवटी त्या स्वतःच्या घराण्यातल्या तंबाखूपर्यंत आल्या, आणि आता खोकण्याची पाळी व्याह्यांची होती.

मटण गार झालं, पण लग्न जमलं.

एस्तेर जाऊन आता वर्ष झालं. संध्याकाळी घरात कुणीच माझी तक्रार करत नाही, आणि हे मला अजिबात आवडत नाही. तिच्या स्मरणसभेला पाळकसाहेबांनी तिच्या भक्तीबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा जोएल उठला आणि त्यानं सगळ्या मंडळीसमोर ही हकीकत सांगितली. लोक रडता रडता हसले. मीही. सभा झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, इतकं सगळं उघडं पडलं, तरी तू त्याच दिवशी हो म्हणालास, ते कसं काय? मला वाटलं, एस्तेरच्या खरेपणाबद्दल काहीतरी म्हणेल.

"पप्पा," तो म्हणाला, "मी तुमच्याकडं बघितलं. म्हटलं, या माणसासोबत जी बाई इतक्या सुखानं संसार करते, तिची पोरगी माझ्यासोबत तर सहज करील."