इंदापूरच्या चौकातला डोळा

स्वारगेटहून बारामतीची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत टॉर्च, सुईदोरा, लवंगा आणि लेकीने भरून दिलेला डबा होता. "पोचलीस की फोन कर," तिनेच मला बजावले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी नगरनियोजनाच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातले होते आणि आता इंटर्नशिपला निघाले होते.

बारामतीचे रस्ते रुंद, कडेची झाडे ओळीत. मला असे आवडते. आमचे मार्गदर्शक सर मात्र लेकीहून जेमतेम मोठे. त्यांनी आधी मला 'काकू' म्हटले, मग घाईघाईने 'मॅडम'. काम सोपे होते. इंदापूरच्या एका चौकात वाहने मोजणारा कॅमेरा लावायचा आणि त्या आकड्यांवरून स्मार्ट सिग्नलचा आराखडा करायचा. "शनिवारपर्यंत विश्वास बसेल अशी मोजणी आणा. त्याशिवाय प्रमाणपत्रावर सही नाही," सर म्हणाले.

इंदापूरला जाताना दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच डाळिंबाच्या बागा. चौकात कॅमेरा बसवला आणि मी समोरच्या हॉटेलात चहा घेत बसले. संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्यासमोरून एक एसटी गेली आणि बरीच कुत्री. मागच्या गल्लीत मात्र उसाचे ट्रॅक्टर आणि टायरगाड्या (रबरी चाकांच्या बैलगाड्या) भाजीच्या पाट्यांना घासत रांगेने चालल्या होत्या.

"पावती फाडणारा डोळा हाय त्यो," हॉटेलमालक तात्या म्हणाले. "त्याच्याम्होरं कोण येतंय?"

मी लगेच पाटी लावली : 'हे यंत्र फक्त मोजते. दंड होणार नाही.' दुसऱ्या दिवशी सायकलीसुद्धा गल्लीतून जाऊ लागल्या.

"दंड न्हाय असं लिवलं, म्हंजी असणारच की!" तात्या म्हणाले.

चिडून मी पळसदेवला जेवायला गेले. चिलापीचे (उजनीच्या पाण्यातला मासा) कालवण झणझणीत होते. तिथले जुने मंदिर पाण्याखाली होते, पाणी उतरल्याशिवाय दिसत नाही म्हणे. असलेले न दिसणे हा त्या आठवड्याचा विषयच होता.

परतल्यावर तात्यांनी विचारले, "ताई, नारळ फोडला व्हता का?"

"कॅमेऱ्याला?"

"मग! नवा ट्रॅक्टर आला, नारळ. हिरीवर मोटर बसली, नारळ. तुमी गुपचूप खांबावर डोळा बसवला. लोक भिणार न्हाय तर काय!"

झाले. संध्याकाळी खांबाला हळदकुंकू लागले, मला फेटा बांधला गेला, तात्यांनी भाषण ठोकले. सकाळी चौक तुडुंब! मी खुशीत आकडे आणि कॅमेऱ्याचे चित्रण पाठवले. तासाभरात सरांचा फोन. "मॅडम, हे लाल ट्रॅक्टरवाले आजोबा सारखे का येतात? आणि कॅमेऱ्याला हात का करतात?"

मी बाहेर धावून लाल ट्रॅक्टर थांबवला. "आबा, कुठं निघालात?"

"कुठंच न्हाय," आबा ट्रॅक्टरवरून म्हणाले. "तात्या म्हनला, जास्त गाड्या दिसल्या तर आपल्याला सिग्नल मिळतो. म्हनून फेऱ्या मारतोय."

शुक्रवार उजाडला होता. हाती एक दिवस, आणि एक मोजणी ओसाड, दुसरी जत्रेची. समजावून उपयोग नव्हता. मी कालचा फेटा डोक्यावर नीट बसवला आणि तात्यांच्या हॉटेलाच्या दारातून मोठ्याने सांगितले, "मारा फेऱ्या. हा सिग्नल गाड्या मोजून चालणार. आडव्या रस्त्याला जेवढ्या गाड्या दिसतील, तेवढा वेळ तुम्ही लाल दिव्यापुढे उभे."

कपबश्या थांबल्या. आबांनी ट्रॅक्टर बंद केला. "तात्या, फुकट डिझेल जाळलं की रं माझं! वर आडव्या रस्त्यावरच्या तुज्या लोकांपायी मीच थांबायचं व्हय?"

"आता काय करायचं, ताई?" तात्यांनी पडेल आवाजात विचारले.

"रोज जाता तसं जा. गल्लीतून नाही, उगीच नाही."

शनिवारी चौक अगदी चौकासारखा वागला. ट्रॅक्टर आले, टायरगाड्या आल्या, आबा एकदाच आले. हात मात्र केलाच. सरांनी आकडे पाहिले आणि सही केली. तात्यांनी सिग्नलच्या उद्घाटनाचे आमंत्रण आत्ताच देऊन टाकले, नारळ त्यांच्याकडून.

परतीची एसटी स्वारगेटजवळ लाल दिव्यापुढे थांबली. थांबली ती थांबलीच. शेजारच्या बाई वैतागल्या, "केवढा हा सिग्नल!"

मी आडव्या रस्त्याकडे पाहिले, तो जवळजवळ रिकामा. पण मोजणीच्या दिवसांत इथेही कुणीतरी आबा हात करत फेऱ्या मारून गेले असणार, याबद्दल माझी खात्री आहे.