चोरून चारलेले शेंगदाणे

मध्य प्रदेशातल्या बालाघाटातलं निम्मं गाव नीळकंठरावांना ‘बडे बाबू’ म्हणायचं. हुद्दा काही मोठा नव्हता, एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क. पण त्या दारातून आत येणारा माणूस आधी “बडे बाबू” अशी हाक घालायचा आणि मग आपलं रडगाणं सुरू करायचा. दोन हजार दोन साली ते निवृत्त झाले. हारतुरे झाले, भाषणं झाली. तीन महिन्यांनी सहज म्हणून कचेरीत डोकावले, तर दारातल्या नव्या चपराशानं विचारलं, “किससे मिलना है, चाचा?” नीळकंठराव कोणाला न भेटताच परतले.

त्या दिवसापासून त्यांना बडे बाबू म्हणणारा एकच जीव उरला, पडवीतल्या पिंजऱ्यातला राघू. भूक लागली की तो गज चोचीत धरून ओरडायचा, “बडे बाबू! ए बडे बाबू!” की हे लगबगीनं उठायचे आणि शेंगदाणे सोलून एकेक त्याच्या चोचीत द्यायचे. दिवसातून दहा वेळा. बायकोनं, गोदाबाईंनी, पाणी मागितलं असतं तर गुडघे दुखले असते.

त्या हिवाळ्यात राघू स्वतःचीच पिसं उपटू लागला. छाती पार उघडी पडली, सोललेल्या कोंबडीसारखी. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला उलटासुलटा करून पाहिलं आणि सांगितलं, आजार काही नाही, याला काम नाही. रानातल्या राघूचा अर्धा दिवस खाणं शोधण्यात जातो. तुमच्या राघूला ते आयतं मिळतं, मग रिकामा वेळ तो स्वतःवर काढतो. हातानं चारणं बंद करा, खाणं लपवून ठेवा, शोधू द्या. चार वाजेपर्यंत काहीच सापडलं नाही तर वाटीत द्या. नाहीतर जखमा चिघळून हातचा जाईल.

गोदाबाईंनी हे व्रतासारखं घेतलं. पहिल्या दिवशी पळसाच्या पानात भिजवलेले हरभरे अर्धवट गुंडाळले, दाणा दिसेल असे. मग पुडी पूर्ण मिटलेली. मग मक्याच्या सालपटात दडवलेले दाणे, सुतळीच्या गाठीत अडकवलेली शेंग. रोज सकाळी अंघोळीआधी हे सगळं पिंजऱ्यात टांगायच्या. राघू ढुंकून बघत नसे.

बघेल कशाला? गोदाबाई अंघोळीला गेल्या, पूजेला बसल्या की राघू हाक मारायचा आणि नीळकंठराव खिशातून शेंगदाणे काढायचे. पहिल्या दिवशी मनाशी म्हणाले, आजचा दिवस. दुसऱ्या दिवशी तेवढंही म्हणाले नाहीत. टरफलं मात्र आठवणीनं कुंपणापलीकडे टाकायचे. वर बायकोलाच ऐकवायचे, “म्हातारा झाला तो. त्याले आता शिकणं होते का? तुह्या पुड्यायचंच काही चुकत असन.”

आठव्या दिवशी पुन्हा डॉक्टर. त्यांनी राघूचं गच्च भरलेलं पोट चाचपलं आणि शेळ्या घेऊन बसलेल्या चारचौघांसमोर गोदाबाईंना फैलावर घेतलं. “बाई, आप छुप-छुपके खिला रही हो. मारोगी इसको.” त्या रडवेल्या झाल्या. “देवाची शपथ साहेब, एक दाना नहीं दिया.” नीळकंठराव शेजारीच पिंजरा धरून उभे होते. मूग गिळून.

बाराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. गोदाबाई भिंतीला टेकून, कपाळ दाबून बसल्या होत्या. शेजारी त्यांचं ताट झाकलेलं, भात तसाच.

“जेवली नाही काहून?”

“चार वाजू द्या. त्याले वाटी देतो, मंग जेवतो.”

“रोज?”

“मुका जीव माह्या हातानं उपाशी राह्यते. त्याच्याआधी माह्या गळ्याखाली घास कसा उतरन? अन् वाटी देली तरी तो तोंड लावत नाही. मरते का काय, असं वाटते.”

नीळकंठरावांना स्वतःचं अकराचं जेवण आठवलं. कचेरीच्या सवयीनं ते रोज अकराला पाटावर बसत. वाढणारी कधी जेवते, हे चौतीस वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि हे बारा दिवस ती चारपर्यंत उपाशी, तर पडवीतला राघू नऊ वाजताच तुडुंब होऊन डुलक्या घेत होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“गोदा, तो उपाशी नाही,” ते म्हणाले. “मी चारतो त्याले. तू अंघोळीले गेली का.”

गोदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “काहून?”

उत्तर तर होतं, पण ते साठीच्या माणसानं तोंडानं सांगायचं म्हणजे कठीण. “तो हाक मारते म्हून.”

गोदाबाईंनी ताट पुढे ओढलं आणि गार भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं नीळकंठरावांना वाटलं. पण ते सुख त्यांच्या नशिबी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शेंगदाणे बंद. राघूनं दोन दिवस ओरडून ओरडून पडवी डोक्यावर घेतली. नीळकंठराव त्या वेळी वैनगंगेकडे फिरायला जाऊ लागले. तिसऱ्या दिवशी त्यानं चिडून पळसाची पुडी फाडली आणि आतून हरभरा पडला. आठवड्याभरात सुतळीच्या गाठी सोडवू लागला. त्यात असा रमायचा की हाक मारायलाही सवड नसे. महिन्याभरात छातीवर हिरवे कोंब आले.

डॉक्टर राघूला पाहून खूश झाले. दवाखान्यात तशीच गर्दी होती. “देखा बाई? मैंने कहा था न! आप ही खिला रही थीं न?”

रिक्षात येतानाच नीळकंठरावांनी कबुलीचं वाक्य जुळवलं होतं. ते जिभेवर आलंही. पण गोदाबाई आधी बोलल्या.

“हौ साहेब. गलती हो गई मेरे से.”

डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या शेळीला हात घातला. अजूनही बोलता आलं असतं. नीळकंठरावांनी पिंजरा उचलला आणि ते बाहेर आले. 

रस्त्यावर गोदाबाई रिक्षाला हात दाखवत म्हणाल्या, “चला लवकर. अकरा वाजून गेले, तुमचं जेवन राह्यलं.”

“अन् तुह्यं?” त्यांनी विचारलं. झाकलेलं ताट समोर नसताना, पहिल्यांदाच.

“मी तं जेवूनच निघाली,” गोदाबाई म्हणाल्या आणि पदर सावरून रिक्षात बसल्या.