कुंडीखाली जमीन नव्हती

“रोप कधी खोटं सांगत नाही. खोटं सांगतो तो पाणी घालणारा.”

लुंग खामपन हे वाक्य दिवसातून चारदा तरी म्हणत. भाताच्या वाफ्यावर म्हणत, तंबाखूच्या बांधावर म्हणत, आणि म्हातारपणी गांजाच्या खोलीत दिव्यांखाली उभे राहूनही म्हणत. आम्ही हसायचो. त्या वाक्याचा अर्थ आमच्यापैकी कुणाला कळला नव्हता, आणि त्यांना स्वतःला तो कळत असेल असं तर स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सगळ्या गावाचे ते काका, म्हणून लुंग. उंच, वाळलेले, उजव्या हाताचं पहिलं बोट कायम मातीनं काळं. बी रुजलं की नाही हे ते डोळ्यांनी बघत नसत. तेच बोट मातीत खुपसायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे, “अजून दोन दिवस.” दोन दिवसांनी अंकुर दिसायचाच. दुसऱ्या गावची माणसंसुद्धा आपल्या वाफ्याची माती फडक्यात बांधून त्यांच्याकडे आणत.

आमच्या सात घरांच्या गटाला सरकारी परवाना मिळाला, तेव्हा खोलीची किल्ली कुणाकडे द्यायची याची चर्चाच झाली नाही. जिल्ह्याच्या इस्पितळात देशी औषधांचा विभाग आहे. आजाराच्या कळा सोसणाऱ्यांसाठी तिथे तेल काढतात, त्यासाठी आमचा माल जाणार होता. खोली म्हणजे याय चानपेंगची जुनी रेशीमकिड्यांची शेड. याय म्हणजे आजी. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटी. किडे पाळायचे बंद केल्यावर तिनं शेड गटाला दिली. ज्या फळ्यांवर किड्यांच्या टोपल्या असायच्या त्यांच्यावर आम्ही छत्तीस कुंड्या मांडल्या. याय गटात नव्हती. ती फक्त सकाळी झाडायची, म्हणून दुसरी किल्ली तिच्यासाठी अंगणातल्या देवघराच्या मागे खिळ्याला टांगलेली असे. दारावर कॅमेरा होता, पण पालीनं त्यात संसार थाटल्यापासून त्याला पालीशिवाय काही दिसत नव्हतं.

पहिली खेप दिव्यांनी नेली. आम्ही दिवे आढ्याला टांगले होते. रोपं उजेडाच्या मागे धावली, सुतासारखी लांब झाली आणि मान टाकून पडली.

दुसरी खेप आम्ही स्वतः मारली. खोलीत थंड हवेचं यंत्र होतं. बाहेर चैत्राचं ऊन. दुपार झाली की गटातल्या बाया लेकरं घेऊन, चिकट भात आणि मिरचीचा ठेचा घेऊन आत यायच्या, कुंड्यांच्या मधे चटई टाकायच्या आणि यंत्राचा आकडा खाली खाली आणायच्या. मीही त्यात होते. रोपं गारठून तशीच राहिली. लुंगनी एक दिवस आत येऊन आम्हाला घोरताना बघितलं. ते ओरडले नाहीत. यंत्राची कळ काढून खिशात घातली आणि म्हणाले, “रोपांना थंडी वाजते म्हणून त्यांच्याशेजारी तुम्ही गोधडी घेऊन झोपलात होय? माया आहे हो.”

तिसऱ्या खेपेला मात्र काही चुकायला जागाच नव्हती. दिवे हातभर अंतरावर आणले. हवा बाहेरच्या सावलीइतकी ठेवली. माती लुंगनी स्वतः चाळली, भाताचं तूस भाजून तिच्यात मिसळलं. इस्पितळाच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की पुढच्या महिनाअखेरीला त्या बघायला येतील आणि रोपं गुडघ्याला लागली नसतील तर काम नदीपलीकडच्या गावाला जाईल. त्यावर गटाच्या बैठकीत लुंग उठून उभे राहिले. म्हणाले, “ही खेप गेली तर चूक मातीची नाही, माझी. मी किल्ली खाली ठेवीन आणि परत कुणाच्या वाफ्यात बोट घालणार नाही.”

सभेत कुणी हसलं नाही. त्या माणसाजवळ त्या बोटाशिवाय होतं तरी काय?

बी लावल्यापासून विसावा दिवस उजाडला, आणि रोपं चार बोटांवर अडून बसली. पानं रेड्याच्या कानांसारखी लोंबलेली. खालची पिवळी. शेंडा जिवंत, पण जणू पुढे जायचं विसरलेला. कृषी कार्यालयातली मुलगी आली. मातीत मोजमापाच्या सळ्या खुपसून तिनं आकडे लिहिले आणि खत जास्त झालंय म्हणाली. लुंग म्हणाले, “बाई, खत मी अजून दिलेलंच नाही. तान्ह्या बाळाला कुणी डुकराचं मांस भरवतं का?” गटातल्या बायांनी तोंडं फिरवून हसू दाबलं.

मग लुंगनी एक रोप कुंडी उलटी करून अलगद बाहेर काढलं. मुळं मुगाच्या मोडांसारखी पांढरी असायला हवीत. ती तपकिरी होती, मऊ होती, आणि त्यांना साचलेल्या डबक्याचा वास येत होता. लुंगचा चेहरा उतरला.

“बुडतायत,” ते म्हणाले. “तहानेनं नाही, पाण्यानं मरतायत.”

पण पाणी तर तेच घालत होते. एकटे. दुधाच्या रिकाम्या डब्यानं मोजून, तीन दिवसांतून एकदा. त्या संध्याकाळपासून ते प्रत्येक कुंडी हातात उचलून बघू लागले. सूर्य मावळताना कुंडी हलकी लागायची, सकाळी कामाला यावं तर जड. दोन दिवस, तीन दिवस हेच. त्यांनी सातही घरांना देवघरापुढे शपथ घ्यायला लावली. सगळ्यांनी घेतली. तरी त्यांची नजर माझ्यावर थांबली.

“सायथोंग, तुझा हात पहिल्यापासून सैल आहे. भाताच्या वाफ्यातही तू पाणी जास्त घालतेस.”

सगळ्यांसमोर बोलले ते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी ते पडू दिलं नाही. मी म्हटलं, “लुंग, उद्या उजाडायच्या आत आपण दोघं खिडकीमागे बसू. मी तुमच्या डोळ्यांसमोर असताना कुंडी जड झाली, तर माझ्या तोंडावर परत एकदा बोला.”

ते कबूल झाले.

शेडच्या मागे सरपणाची रास आहे, तिथेच जाळीची खिडकी. आम्ही राशीच्या आडोशाला बसलो. कोंबडे आरवून झाले होते. पूर्वेकडे चिंचेच्या झाडामागे आकाश पिकलेल्या पपईसारखं होत होतं. मग भिक्षूंची रांग रस्त्यावरून आली. अनवाणी, शांत. याय चानपेंग आपल्या पायरीशी गुडघे टेकून बसली होती. तिनं प्रत्येक पात्रात चिकट भाताचा गोळा ठेवला, आशीर्वाद घेतला. रांग पुढे गेली.

दान झालं की त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचवायचं असतं. त्यासाठी झाडाच्या मुळाशी पाणी ओतायचं आणि त्याचं नाव घ्यायचं. पाणी जमिनीत मुरतं, आणि पुण्य कुठे न्यायचं ते धरणीला ठाऊक असतं. आमच्यात लेकरं बोलायच्या आधी हे शिकतात.

याय उठली. घरात गेली आणि चहाची मोठी किटली घेऊन आली. देवघरामागे हात घातला, किल्ली काढली आणि शेडचं दार उघडून आत गेली.

मी लुंगकडे बघितलं. ते जाळीला डोळा लावून बसले होते.

ती पहिल्या फळीशी गेली. किटली वाकडी केली, पहिल्या कुंडीत धार सोडली, ओठ हलवले. दुसऱ्या कुंडीत. तिसऱ्या. छत्तीसपैकी एकही तिनं सोडली नाही. दर कुंडीला तेच नाव. आधी मला ऐकू येत नव्हतं. खिडकीजवळच्या फळीशी आली तेव्हा आलं.

“थाविल. माझ्या थाविलला पोचो.”

लुंगच्या हातातली बांबूची टोपी गळून पडली.

थाविल तिचा एकुलता एक. वीसेक वर्षांपूर्वी केळीच्या बनामागे त्याच्याकडे याच झाडाची सहा रोपं सापडली होती. तेव्हा तो गुन्हा होता. आठ वर्षांची शिक्षा झाली, चौथ्या वर्षी तुरुंगात तापानं गेला. प्रेत एका गाडीच्या मागच्या भागातून आलं तेव्हा पाऊस होता. अंत्यविधीचा भात लुंग खामपननी शिजवला होता, हे मला स्पष्ट आठवतं, कारण धुरानं त्यांचे डोळे तीन दिवस लाल होते. आम्हाला वाटलं होतं, धुरानं.

लुंग उठले आणि सरळ दाराकडे गेले. मी मागे. मला वाटलं आता ते म्हातारीवर चिडणार. मी त्यांना धरायलाच निघाले होते. पण ते उंबऱ्यावर थांबले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “याय, इथे कशाला पाणी घालता?”

ती दचकली नाही. उलट तिला बरं वाटलं असावं. म्हणाली, “ह्याच झाडापायी माझं पोर गेलं ना रे. आता तेच झाड डॉक्टर मागून नेतात. म्हटलं, त्याचं पुण्य ह्याच्याच मुळाशी ओतावं. त्याला वाटेल, आपलं झाड आता कुणी हिसकावत नाही.” आणि मग जराशी कौतुकानं, “रोज छत्तीस वेळा नाव घेते. कधी चुकत नाही.”

“याय,” लुंग म्हणाले, “कुंडीखाली जमीन नाही. फळी आहे. तुमचं पाणी धरणीपर्यंत पोचतच नाही. मुळांतच अडकतं.”

म्हातारीनं खाली बघितलं. फळीच्या खाली सिमेंट होतं, कोरडं, तिनंच झाडलेलं. इतक्या दिवसांचं पुण्य कुठेच गेलं नव्हतं. मी तिचा तो चेहरा बघू शकले नाही, म्हणून मी लुंगकडे बघितलं. तिथे तर त्याहून भयंकर काही चाललं होतं.

“आणि थाविलपर्यंत माझंही एक सांगणं पोचलेलं नाही,” ते म्हणाले. “त्या साली मी पाटलाचा मदतनीस होतो. पोलीस वाटेत भेटले. विचारलं कुणाकडे आहे. मी सांगितलं.”

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. यंत्र गरगरत होतं, दिवे जळत होते, रोपं कान पाडून उभी होती, आणि आम्ही तिघं त्यांच्यासारखीच.

यायनं एवढंच विचारलं, “नाव घेतलंस, की बोट दाखवलंस?”

“बोट.”

“कुठलं?”

लुंगनी उजवा हात वर केला. तेच बोट. मातीनं काळं झालेलं. ते हवेत थांबलं, आणि ते खाली कसं घ्यायचं हे त्यांना कळेनासं झालं.

“त्याच बोटानं तू माझ्या वांग्यांची रोपं तपासून द्यायचास,” याय म्हणाली. “दरवर्षी.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो आवाज आपल्याच घराच्या पायरीवरून घसरलेल्या माणसाचा होता.

लुंग खाली बसले, त्यांनी तिच्या पायांपुढे सिमेंटवर डोकं टेकलं. ती बाजूला झाली. लाथ नाही, शाप नाही, हात नाही. त्यांच्या अंगावरून तिनं पाऊल टाकलं नाही, वळसा घालून बाहेर गेली. चिंचेच्या झाडाशी जाऊन किटलीत राहिलेलं पाणी मुळाशी ओतलं. ओठ हलले. किती वेळ हलले ते मी मोजलं नाही. माती ते पाणी बघता बघता प्यायली.

रोपांचं काय झालं, असं लोक मला अजून विचारतात. त्यांना पाच दिवस कोरडं ठेवलं. सहाव्या दिवशी पानं उचलली, तेराव्या दिवशी नवी पालवी आली, आणि महिनाअखेरीला इस्पितळाच्या बाई आल्या तेव्हा तीस रोपं गुडघ्याला टेकली होती. सहा गेली. कुंड्या उचलून त्यांचा भार बघायला लुंगनीच मला शिकवलं होतं, त्याच्यावर मी निभावलं. ती खेप गेली नाही. शर्तीप्रमाणे लुंगना किल्ली खाली ठेवायचं काही कारण नव्हतं.

पण त्या सकाळीच ते सिमेंटवरून उठले, कमरेची किल्ली सोडली आणि पायरीवर ठेवली. मी म्हटलं, “लुंग, रोपं जगतील. तुम्हीच आत्ता कारण शोधलंत.” ते माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरी, काल सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. तेही चुकीचं.”

ते रस्त्याला लागले. टोपी सरपणाच्या राशीशीच पडली होती. सूर्य आता चांगला वर आला होता, उघड्या डोक्यावर ऊन पडत होतं, आणि उजवा हात त्यांनी मूठ करून अंगाशी धरला होता, बोट आत दडवून. भिक्षू गेले त्याच वाटेनं ते गेले, देवळाच्या दिशेनं, सावकाश.

मी पायरीवर उभी राहून बघत होते. चिंचेखाली रिकामी किटली हातात धरून याय चानपेंग बघत होती. ते वळणाआड गेले तरी तिनं मान फिरवली नाही.