तेवढं चालतानाचं

खरा सिनेमा समजून घ्यायचा नसतो, तो स्वप्नासारखा आपल्यावरून वाहू द्यायचा असतो. हे मी केडगावातल्या एका फ्लॅटमध्ये, मे महिन्यातल्या दुपारी, पंखा बंद असताना ऐकलं. पंख्याने शांततेचा पोत बिघडतो म्हणे.

फ्लॅटचे मालक दुर्मिळ सिनेमे जमवतात. जो फारसा कुणी पाहिलेला नाही तोच त्यांना आवडतो, आणि पुढेही कुणी पाहू नये याची ते काळजी घेतात. त्या दिवशीचा सिनेमा पारनेरजवळच्या माळावर काढलेला. संवाद नाही, गोष्ट नाही. एक माणूस लंगडत माळ ओलांडतो, मग धुकं, मग बराच वेळ रिकामी खुर्ची. एकुलती एक प्रत यांच्याकडे.

तो लंगडणारा माणूस म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान. शूटिंगवाल्यांनी त्यांना रस्ता विचारला आणि त्यांनाच चालायला लावलं. आता ते नाहीत. घरात एकच फोटो, आधार कार्डावरून मोठा केलेला. काकूंना ते चालताना बघायचे होते, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो होतो.

यजमान पडद्यावर आले तशा काकू उभ्याच राहिल्या. "आवं, बघा की! तस्संच, पाय वढीत!"

"शूऽऽ!" चारी बाजूंनी.

खुर्ची आल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, तेवढं चालतानाचं परत लावा ना. खुर्ची ऱ्हाऊ द्या."

"आम्ही मागे नेत नाही. स्वप्न कधी मागे नेता येतं का?" मालक म्हणाले.

"रिमोट तुमच्याच हातात आहे," मी म्हणालो.

सिनेमा संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळे डोळे मिटून गप्प बसले. मग एकाने सांगितलं, ते लंगडणं म्हणजे जखमी काळ. काकू पदराने डोळे पुसत होत्या. त्यांच्याही अंगावरून सिनेमा वाहतोय, असं समजून एका बाईंनी कौतुकाने मान हलवली.

मी मालकांना म्हणालो, तेवढा तुकडा काकूंच्या मोबाईलवर द्या.

"तुकडा बाहेर गेला की कलाकृती मेली."

"माणूस मेलाय, त्याचं काय?"

त्यावर त्यांनी पंखा लावला. म्हणजे आम्ही निघावं.

पुढे पुण्याचे कुणी रसिक आले म्हणून तो सिनेमा पुन्हा दाखवला. मी गेलो, मालकांच्या मागची खुर्ची धरली आणि चोरून मोबाईल चालू केला. मला अजिबात लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

काकू ते रोज बघतात. डावा अर्धा पडदा मालकांच्या टकलाने व्यापला आहे. यजमान उजवीकडून लंगडत येतात आणि टकलामागे दिसेनासे होतात.